आतल्या बाजूचे चरे

उस्ताद, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि एवढ्या दिवसांत मी तुम्हाला एकदाही काही विचारलं नाही. येरमाळ्याला हायवेवर माझं गाड्या पॉलिश करायचं दुकान बरं चालतं. वाटायचं, आता आपल्याला सगळं येतं. तुमच्या धाराशिवच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी एका डॉक्टरांच्या बॉनेटची कड जाळली होती, आठवतं? मशीन एकाच जागी दाबून धरलं आणि रंग उडून खालचा थर दिसायला लागला. तुम्ही हात उगारला नाही. वायर ओढून काढलीत आणि म्हणालात, "पयले देख मियाँ, फिर हात लगा. चरा कुठून सुरू झाला, कुठं थांबला, बघ तर खरं." मग बॅटरी तिरकी धरून दाखवत बसलात. ही बाभळीची फांदी, ही उसाची ट्रॉली, हे गोल गोल चरे मालकानं कोरड्या फडक्यानं धूळ पुसल्याचे. मला लई राग आला होता. चरा काढायचा सोडून त्याची चौकशी कशाला, असं मनात म्हणालो होतो.

माझ्या लेकीचं लग्न ठरलंय, उस्ताद. तिच्या बारशाला तुम्ही चांदीचे वाळे घेऊन आला होता, तीच ही. आठ दिवस राहिलेत. मोठं घर, बागायती जमीन, एकच थोरला दीर. "नशीब काढलं पोरीनं," असं सगळा गाव म्हणतो. त्या घरची थोरली सून तेवढी तीन महिन्यांपासून माकणीला माहेरी आहे. "तिची तब्येत बरी नसते," म्हणाले. मी पुढं विचारलं नाही. मुलीच्या बापानं फार खोलात जाऊ नये म्हणतात ना, तसंच.

काल दुपारी होणारा जावई त्यांच्या घरची काळी गाडी घेऊन आला. "मामा, वरातीत चमकली पाहिजे." मी खुशीत होतो. टप, बॉनेट, दारं, एकेक करत मशीन फिरवतोय, चरे विरत चाललेत. मग कडा पुसायला मागचं डावं दार उघडलं, आणि आतल्या काळ्या चकचकीत पट्टीवर मला ते दिसले. चार-चार बारीक रेघा, एकावर एक. बॅटरी तिरकी धरली. सगळ्या दार उघडायच्या कडीपासून सुरू होऊन खाली गेलेल्या. मी माझी बोटं ठेवून बघितली. माझी जाड बोटं बसेनात.

"पावणं, हे कशानं झालं?"

मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "कुत्रं बसवलं होतं मागं."

"तुमच्याकडं कुत्रं हाय व्हय?"

"होतं." मग हसला. "निघंल का न्हाय, तेवढं सांगा मामा. संध्याकाळी येतो न्यायला."

कुत्रं काचेकडं झेपावतं, उस्ताद. कडीला धरून कशाला ओरबाडेल? हे तुम्हीच शिकवलेलं. आणि तरी मी छोटा पॅड लावला आणि पाच मिनिटांत सगळं साफ केलं. थू माझ्या कसबावर! तुम्ही असता तर कानाखाली वाजवली असती.

तेवढ्यात लेक माझा डबा घेऊन आली. गाडी बघून हरखली, मागं जाऊन बसली, दार ओढून घेतलं. जरा वेळानं काचेवर टकटक करते, हसतेय. "बाबा, उघडत न्हाय हो हे!" मी बाहेरून उघडलं. "लहान लेकरांसाठी लॉक असतं, राहिलं असंल लावलेलं," म्हणालो. त्यांच्या घरात एकही लहान लेकरू नाही.

पत्रिका वाटून झाल्यात. तिची आई देवीची ओटी भरायला येडेश्वरीला गेली होती, तिला काही बोललो नाही. माकणीला जाऊन त्या सुनेला विचारून यायला चार-पाच तास लागतात. सकाळपासून दोनदा किल्ली हातात घेतली आणि ठेवून दिली. जिवंत माणसांना सांगायचं ते तुम्हाला लिहीत बसलोय, म्हणजे उत्तर यायची भीती नाही.

काल मी काय केलं, ते सांगतो आणि हा कागद फाडून टाकतो. लेक घरी गेल्यावर मागची दोन्ही दारं उघडली आणि लॉकची खिट्टी सरकवून मोकळी केली. बाप म्हणून एवढंच केलं. संध्याकाळी तो गाडी घेऊन गेला. ती खिट्टी एका बोटानं परत लागते.