दादाचे डोळे उघडण्याबाबत

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (पाठ धरल्यामुळे अर्ध्यापर्यंतच घातला आहे, उरलेला पाठ सुटल्यावर घालीन.) तुझा गुडघा कसा आहे? निवृत्त झाल्यावर पहाटे साडेपाचला जाग यायची खोड गेली का? मला मुदतीआधी निवृत्त होऊन चार वर्षं झाली, माझी गेलेली नाही. फक्त जाग आल्यावर पुन्हा झोपायची नवी खोड लागली आहे. बाकी आमच्याकडे सगळं ठीक. हिची तब्येत बरी आहे, माझ्याशी बोलतेही आहे, फोटोंचा विषय सोडून.

तर फोटो. तुझ्या निवृत्तीच्या जेवणाला आपण चौघं भावंडं अकरा वर्षांनी एका खोलीत आलो. (दादा आणि बापूचा अबोला आईच्या शिलाई मशीनवरून. दोघांपैकी एकालाही सुईत दोरा ओवता येत नाही, हे तुला मी सांगायला नको.) तू कॅमेरा स्टँडवर लावलास, टायमरचं बटण दाबून दर वेळी गुडघा सांभाळत आमच्यात येऊन उभी राहिलीस, असे आठ फोटो काढलेस, आणि पेनड्राइव्हबरोबर मला चिठ्ठी दिलीस की चौथा फोटो सगळ्यात छान आलाय, फक्त दादाचे डोळे मिटलेत, तेवढे उघड आणि चार प्रती छापून घरोघरी पाठव. काम एका ओळीचं होतं. त्याला सात आठवडे का लागले हे तू फोनवर तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी विषय तुझ्या गुडघ्यावर नेला. आज सगळं लेखी कळवतो.

लेकीने मला संगणकावर दोन सॉफ्टवेअर घालून दिली. एक फोटोंची यादी ठेवणारं, दुसरं फोटो दुरुस्त करणारं. यादीवालं मला बघताक्षणी आवडलं. ते फोटो स्वतःकडे ठेवतच नाही. कुठला फोटो कुठल्या फोल्डरमध्ये आहे, कधी काढलाय, त्यात कोण कोण आहे, एवढी नोंद ठेवतं. म्हणजे आमच्या कचेरीतल्या रेकॉर्ड रूमचं रजिस्टरच की! (एकतीस वर्षं त्या खोलीत काढली, पण एक मूळ कागद दाराबाहेर जाऊ दिला नाही. साहेब आले तरी प्रत. साहेबांचे साहेब आले तरी प्रतच, फक्त जरा बऱ्या कागदावर.) त्यामुळे फोटो दुरुस्तीला पाठवताना यादीवाल्याने जेव्हा अदबीने विचारलं, मूळ पाठवू की प्रत, तेव्हा मला अगदी भरून आलं. मी प्रत म्हटलं हे काय सांगायला हवं?

घोळ असा झाला, की मी दर वेळी प्रत म्हटलं. दादाची डावी पापणी अर्धी करून चहाला उठलो, परत आलो, यादीतून फोटो उघडला, त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा प्रत. मग त्या प्रतीची प्रत. प्रत्येक प्रतीच्या नावामागे ते सॉफ्टवेअर इमानेइतबारे ‘संपादित’ असं शेपूट जोडत होतं, आणि उजव्या पापणीपर्यंत पोचलो तेव्हा फोटोचं नाव पडद्यावर मावेना. एकूण प्रती एकोणीस. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, पहिलीच प्रत परत उघडा ना, रोज नवी कशाला काढताय?" मी तिला म्हटलं, तुझ्या जन्माच्या आधीपासून मी प्रती काढतोय. त्यावर तिने फोन आईला द्यायला सांगितला.

आता उघडे डोळे आणायचे कुठून? तुझ्या दुसऱ्या फोटोतून. मी शिस्तीचा माणूस, चौथ्या फोटोखाली आधीच नोंद करून ठेवली होती : डावीकडून दादा, बापू, ताई, मी. आणि ती एकच नोंद आठही फोटोंना एका क्लिकमध्ये लावता येते असं कळल्यावर लावूनही टाकली होती. (कचेरीत याला मला अख्खा दिवस लागला असता.) त्या नोंदीवर भिस्त ठेवून मी दुसऱ्या फोटोतला डावीकडचा पहिला माणूस धरला, त्याचे डोळे कातरले आणि चौथ्यातल्या दादाला नीट बसवले. मात्र तिसऱ्या फोटोपर्यंत ते दोघं दोन टोकांना उभे होते, डावीकडे बापू आणि उजवीकडे दादा, आणि चौथ्याच्या आधी तू दोघांना दंडाला धरून शेजारी शेजारी आणलंस, हे मी साफ विसरलो. चारशे टक्के मोठं केल्यावर डोळा नुसता डोळा दिसतो गं, तो कुठल्या भावाचा ते त्यावर लिहिलेलं नसतं.

फोटो छापून आले, घरोघरी गेले, आणि मी आवराआवर काढली. यादीत त्या सगळ्या प्रती एकावर एक रचून ठेवल्या होत्या, वर एकच नखाएवढा फोटो आणि बाजूला आकडा वीस. आमच्या गठ्ठ्यात मूळ कागद सगळ्यात वर आणि प्रती खाली, हा नियम मी स्वतः तीन नवीन कारकुनांना ओरडून शिकवला आहे. म्हणून वरचा ठेवला आणि खालचे एकोणीस निवडले. नुसते यादीतून काढू की डिस्कवरूनही, असं सॉफ्टवेअरने विचारलं. रजिस्टरमधून नाव कापलं आणि कागद कपाटातच राहिला, असला गबाळा कारभार मला चालत नाही. डिस्कवरून म्हटलं. लगोलग कचऱ्याचा डबाही रिकामा केला, आणि तुझा पेनड्राइव्ह तर छपाईवाल्या बाईंच्या दुकानात जाण्याआधीच पुसून, त्यावर फक्त छापायचा फोटो घालून नेला होता. सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात वर सगळ्यात नवी प्रत असते. मूळ तळाशी असतं.

हे मला कळलं ते हिच्यामुळे. छापलेला फोटो हातात घेऊन ही म्हणाली, "हे दादांचे डोळे नाहीत. असं रोखून बापू बघतात, त्यांना भांडी घासायला सांगितली की." मी ताडताड मूळ दाखवायला गेलो आणि मूळ नव्हतं. एकतीस वर्षांत एक कागद हरवला नाही गं माझ्या हातून, आणि घरचाच फोटो गेला.

तोवर बाहेर वेगळंच झालं होतं. दादाचा फोन आला की इतका तरतरीत फोटो माझा आजवर कोणी काढला नाही. बापूचा आला की दादा यात हुबेहूब बाबांसारखा दिसतो, आणि हे त्याने आधी दादाला फोन करून सांगितलं होतं! चाळीस मिनिटं बोलले दोघं. मशीनचं नावही निघालं नाही म्हणे. तुझी प्रतही तुला पोचली आहे आणि तू "छान" म्हणालीस. एकदा चष्मा लावून बघ.

घरात वडीलधाऱ्यांना नमस्कार सांग, म्हणजे फिरून तुलाच. गुडघ्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. : दादाला आणि बापूला यातलं अक्षरही सांगू नकोस. दादाला ते डोळे फार आवडलेत.

ता. क. दुसरा : पत्र लिहिण्याचं खरं कारण हे. तुझ्या कॅमेऱ्यातलं कार्ड पुसलं आहेस का? पुसलं नसशील तर त्याला हात लावू नकोस, मी स्वतः येऊन घेऊन जातो. पुसलं असशील तर मला सांगू नकोस, हिला सांग, ती मला बेताबेताने सांगेल.

ता. क. तिसरा : चौथा फोटो निघाला तेव्हा ही कॅमेऱ्यामागे उभी होती. ती म्हणते, कॅमेऱ्याचा खटका वाजायच्या जरासं आधी बापूने दादाच्या खांद्यावर हात ठेवला. सात आठवडे मी त्या हाताच्या वीतभर वर काम करत होतो, आणि मला दिसत होत्या त्या फक्त पापण्या. कार्ड मिळालं तर तो फोटो मी कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये घालणार नाही, आहे तसा छापून आणीन. ते डोळे उघडायला तू सांगायला नको होतंस आणि मी ऐकायला नको होतं. अकरा वर्षांनी भावाचा हात खांद्यावर आल्यावर तो कॅमेऱ्याकडे कशाला बघेल, ताई?