नारळाच्या आइस्क्रीमचं सूप का झालं

ला वेगा,
कार्निव्हलच्या आधीचा मंगळवार

प्रिय एर्मेलिंदा मावशी,

आशीर्वाद दे. तुझ्या गुडघ्यांना आता उतार असेल आणि काका डॉमिनोत शेजाऱ्यांना अजून हरवत असतील, असं धरून चालतो. आम्ही सगळे बरे आहोत.

आमची गाडी पुएर्तो प्लाताला तुझ्या दुकानापाशी पोचली तेव्हा तिच्यात आइस्क्रीम नव्हतं, नारळाचं सूप होतं. त्यावर तू फोनवर जे बोललीस ते आईच्या कानावर गेलं नाही, हे बरंच झालं. (तिला अजून वाटतं, तू चर्चच्या गायनात असतेस.) पण मावशी, ड्रायव्हर वाटेत कुठे नाचत बसला नव्हता. घोळ आमच्या कारखान्याच्या कंप्यूटरचा, आणि कंप्यूटर माझ्या ताब्यात, म्हणून हे पत्र.

आमचा कंप्यूटर ना धड मोठा, ना धड लहान. कपाटाएवढा, काळा, आणि इतकी वर्षं बिनतक्रार चाललेला की कामगार जाता-येता त्याला टोपी काढून नमस्कार करत. गाडी भरली की तो तिची पावती छापतो, पावती मिळाली की फाटक उघडतं. आणि आवारात इंजिन चालू ठेवायचं नाही हा आमच्या मालकीण बाईसाहेबांचा कडक नियम (धुराचा वास व्हॅनिलाला लागतो म्हणे). इंजिन बंद की गाडीतला गारवाही बंद. एरवी पावती डोळ्याची पापणी लवते न लवते तोच यायची. गेल्या महिन्यात ती यायला इतका वेळ लागायला लागला की ड्रायव्हर मध्ये घरी जाऊन जेवून येऊ लागले.

मी काय काय केलं ते विचार. डिस्क भरली असेल म्हणून पाहिलं, तर निम्मी रिकामी. मेमरी वाढवली, फरक शून्य. बंद करून पुन्हा सुरू केला, तर सुरू व्हायलाच दुपार गेली आणि तेवढ्या वेळात तर एकही पावती निघाली नाही. राजधानीहून एक इंजिनियर आले, त्यांनी कॉफी घेतली आणि याच्या दुप्पट मोठा घ्या असं सांगून गेले. आवाराचा मुकादम तोरिबिओ, त्यानं दृष्ट लागलीय म्हणून यंत्राला लाल फीत बांधली. (मी ती सोडली नाही. माणसानं सगळ्या बाजू धरून असावं.)

तुझ्या गाडीच्या दिवशी कडक ऊन होतं. तुझी गाडी कशीबशी पावती घेऊन निघाली, पण तिच्या मागची जी अडकली तिच्या दाराखालून पांढरा ओघळ सुरू झाला आणि फाटकापर्यंत गेला. बाईसाहेब गॅलरीत आल्या. खालून तोरिबिओ म्हणाला, "बाईसाहेब, पावती राहू द्या, आता चमचे वाटा." त्या भडकल्या. त्यांनी कचेरीतल्या झाडून सगळ्यांना आपापल्या टेबलावरची यंत्रं बंद करून बादल्या घेऊन खाली यायला फर्मावलं. मला मात्र सांगितलं, "एवारिस्तो, तू जागचा हलायचं नाहीस."

मी हललो नाही. आणि रिकाम्या कचेरीत छपाईयंत्र एकदम खडखडायला लागलं. पावत्यांवर पावत्या. मी आधी छातीवर क्रूस काढला आणि मग विचार केला: बदललं काय? तर सगळ्यांच्या यंत्रांचे पडदे बंद झाले. म्हणून एकेकाच्या टेबलावर जाऊन यंत्र सुरू करत गेलो. हिशेबनीसाचं लावलं, पावत्या मंदावल्या. विक्रीवाल्यांची लावली, छपाईयंत्र मुकं.

त्या सगळ्या पडद्यांवर एकच चित्र होतं: बाईसाहेबांचा फलक. "कारखाना सुरू झाल्यापासून एकूण किती गाड्या गेल्या", हा आकडा. हा आकडा काढायला कंप्यूटर आजवरची प्रत्येक पावती उचलून मोजतो. दर गाडीची पावती म्हणजे एक फाईल, आणि स्थापनेपासूनच्या सगळ्या एकाच फोल्डरात कोंबलेल्या. मोजून झालं की पुन्हा पहिल्यापासून, आणि हे प्रत्येक पडद्यासाठी वेगळं. असा फलक आधी फक्त स्वागतकक्षात होता. मग पावत्यांना उशीर व्हायला लागला, तसा गाड्या निघाल्या का हे बघायला प्रत्येकानं तो आपल्या टेबलावर उघडून ठेवला, म्हणजे उशीर का होतोय हे बघणाऱ्यांनीच उशीर वाढवला. मी सगळे फलक बंद केले, जुन्या पावत्या वर्षावार वेगळ्या ठेवल्या, आणि तेव्हापासून गाड्या अशा सुटताहेत की ड्रायव्हरांना जेवायला सवड नाही. तुझी नवी गाडी उद्या दगडासारखं घट्ट आइस्क्रीम घेऊन येईल. खिळा ठोकून बघ.

काकांना नमस्कार. गुडघ्याला गरम मिठाचा शेक दे.

तुझा,
एवारिस्तो

ता. क. स्वागतकक्षातला फलक बिघडलाय, असं मी बाईसाहेबांना सांगितलंय. खरं कारण सांगायची माझी छाती झाली नाही, कारण रविवारच्या पाहुण्यांना तो पळता आकडा दाखवायचं त्यांनी ठरवलंय. तू त्यांची शाळेतली मैत्रीण. एक फोन कर आणि आकडा दिवसातून एकदाच बदलला तर जास्त भारदस्त दिसतो, असं पटव. माझं नाव नको.

ता. क. दुसरा: आत्ताच कळलं, मोठ्या दुकानदारांना भेट म्हणून त्या इथल्याच कंप्यूटरला जोडलेला एकेक फलक पाठवताहेत आणि यादीत पहिलं नाव तुझं आहे. मावशी, आला तर त्यावर फुलदाणी ठेव, मेरीमातेची तसबीर ठेव, पण सुरू करू नकोस.