घड्याळ कोणी धरायचं

१७ सप्टेंबर, सकाळ

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची पद्धत असल्यामुळे तसं लिहिलं आहे. तिकडे तुम्ही तिघं मजेत असालच. मुलगी आता शाळेत जात असेल. माझ्याकडचा तिचा शेवटचा फोटो पाळण्यातला आहे.

पत्राचं कारण तांत्रिक आहे. बाबांच्या मनगटी घड्याळात पाणी जातं. तू दिवसभर तरणतलावाच्या काठावर उभा राहून लोकांची पोरं बुडू देत नाहीस, तेव्हा एक घड्याळ कसं वाचवायचं हे घरात तुझ्याइतकं कोणाला कळणार? म्हणून विचारतो.

आतापर्यंतचे प्रयोग सांगतो. काचेवर आतून वाफ धरली, तेव्हा बाबा रात्री ते काढून ठेवत; शेजारणीच्या सल्ल्याने मी ते रात्रभर तांदळाच्या डब्यात पुरलं. घड्याळवाल्याने झाकण उघडून आत फुंकर मारली आणि म्हणाला, "मास्तर, घड्याळ सुकवलंत की भात लावलात?" चावीच्या फटीतून तांदळाची पिठी आत गेली होती. त्याने सगळं पुसलं, तेल दिलं, नवी रबरी रिंग बसवली. नंतर मी बुटांच्या खोक्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या जमवल्या आणि घट्ट झाकणाच्या डबीत घालून ठेवल्या. डबी उत्तम आहे. तिच्यात सगळं आहे, फक्त घड्याळ नाही, कारण बाबा आता ते काढत नाहीत. आंघोळीलाही नाही.

मग मनगटाला प्लास्टिकची पिशवी बांधून पाहिली. बाबा म्हणाले, "मी काय उरलेली पोळी आहे?" तो प्रयोग तिथेच संपला.

गेल्या आठवड्यात घड्याळासकट बाबांनाच घेऊन पुन्हा दुकानात गेलो. तबकडीवर सहाच्या खाली तपकिरी डाग आलाय. घड्याळवाला भिंगातून बराच वेळ बघत राहिला. "काच मिळेल, पट्टा मिळेल. याच्या आतलं आता कुठे मिळत नाही. आणखी एकदा पाणी गेलं तर माझ्याकडे आणू नका, मला नाही म्हणायला बरं वाटणार नाही."

इथवर वाचून तू म्हणशील, दादा, म्हाताऱ्याच्या हातातलं घड्याळ काढून घ्यायला तुला पत्र लिहावं लागतं? बरोबर आहे. मी जरा आडून बोलतोय. संस्कृतच्या वर्गात पोरांनी असं उत्तर दिलं तर मी त्यांना बसवत नाही.

बाबा घड्याळ काढत नाहीत असं नाही. रोज काढतात. पंचा खांद्यावर टाकून न्हाणीच्या दारात उभे राहतात, पट्टा सोडतात आणि घड्याळ तळहातावर घेऊन हात पुढे करतात. मी घ्यायला गेलो की मूठ मिटते. "तू नको. धाकट्याला बोलाव." मी म्हणतो, तो इथे नाही. ते म्हणतात, "येईल ना. थांबतो की." थांबतात. पाणी गार होतं. मग पट्टा पुन्हा बांधतात आणि घड्याळासकट आत जातात.

तुला आठवत असेल. रविवारी ते आपल्याला तलावावर न्यायचे, बुडी मारून श्वास रोखायचे आणि काठावर बसून घड्याळ धरणारा वेळ मोजायचा. वर आले की पहिला प्रश्न, "किती?" ते काम आधी माझ्याकडे होतं. मी काट्यावर दिसायचं तेवढंच सांगायचो. पुढच्या रविवारी घड्याळ तुझ्याकडे गेलं. तुला धड वेळ कळत नव्हती, तू बेधडक म्हणालास, "दोन मिनिटं." बाबा दिवसभर छाती काढून चालत होते. माझ्याकडे साबण आला, तो आजतागायत आहे.

त्यांना आता पुष्कळ गोष्टी आठवत नाहीत. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलंय. मी संस्कृतात दिलं असतं तर निदान ऐकायला बरं वाटलं असतं. मला अधूनमधून "मास्तर" म्हणतात, तेही अहोजाहो करून. पूर्वी एवढा मान कधी मिळाला नव्हता. घर द्विवचनात चाललंय, आणि त्यातलाही एक जण हळूहळू वजा होतोय.

त्यांच्या ऑफिसातली नोकरी तू सोडलीस, त्या दिवशी ते तुला म्हणाले होते, माझ्या डोळ्यांसमोर येऊ नकोस. आयुष्यात पहिल्यांदाच तू त्यांचं ऐकलंस, आणि इतकं मनावर घेऊन. परवा मी मुद्दाम तो विषय काढला. ते हसले. म्हणाले, "धाकटा कशाला भांडेल? तो घड्याळ सांभाळतो."

तेव्हा ते भांडण आता तुझ्या एकट्याकडे उरलंय, बाळा. बाबांच्या बाजूला कोणी नाही.

तू ये. सकाळी ये, आंघोळीच्या आधी. ते तुला ओळखतीलच असं वचन देत नाही. त्यांचा धाकटा हाफपँट घालतो आणि तुझे केस आता पिकले असतील. पण दारात उभा राहा आणि हात पुढे कर. आत गेल्यावर ते डोक्यावर तांब्या ओततात, श्वास धरतात आणि ओरडतात, "किती?" मी अजूनही खरं सांगतो. आतून उत्तर येत नाही.

तू दोन मिनिटं सांग.

डबी पुड्यांसकट कोनाड्यात ठेवली आहे. ओलीमुळे घड्याळ हल्ली मागे पडतं, त्यामुळे उशीर झाला म्हणून संकोचू नकोस. त्यांच्या घड्याळात तू वेळेवरच येशील.

साबण घेऊन उभा असलेला,
तुझा दादा