तीन वाट्या

शनिवार संध्याकाळ, मांजलपूर

शेजारचे जयेशभाई आत्ताच गेले. इथे दारूबंदी; पिण्याचं परमिट आम्हा दोघांकडेही आहे, तरी सोसायटीत बोभाटा नको म्हणून आम्ही स्टीलच्या वाट्यांतूनच पितो. दर शनिवारचा खेळ ठरलेला. मी डोळे मिटायचे, त्यांनी तीन वाट्यांत संत्र्याचं लिक्युअर, कॉफीचं लिक्युअर आणि रम ओतायची, आणि कुठल्या वाटीत काय ते मी ओळखायचं. आजवर कधी चुकलो नाही.

पण गेल्या आठवड्यातल्या तापानंतर माझ्या नाकाला वास नाही, जिभेला चव नाही. कुणालाच सांगितलेलं नाही. सुनंदालासुद्धा नाही, तिची आमटी रोज ‘छान झालीय’ म्हणत खातो. का सांगत नाही? कुणास ठाऊक. वाईटही वाटत नाही, हेच विचित्र.

आज तिन्ही वाट्या प्यायलो. तिन्ही वेळा घशात नुसतं गरम झालं. शेवटी ठोकून दिलं, “संत्रं, रम, कॉफी.”

जयेशभाई वाट्या बाजूला सारत माझ्याकडे झुकले. मग पाठीवर जोरात थाप मारून म्हणाले, “एकदम बराबर, साहेब! तमारी जीभ एटले जीभ!” म्हणजे जीभ असावी तर माझ्यासारखी.

आनंद व्हायला हवा होता.

नंतर सुनंदा वाट्या विसळायला घेऊन गेली आणि सिंकपाशी थांबली. “अहो, आज नुसती रमच घेतलीत का? तिन्ही वाट्यांना तोच वास येतोय.”

मी “हो” म्हणालो.

जयेशभाईंची थाप पाठीवर अजून जाणवतेय. दिवसभरात तेवढंच काय ते जाणवलं.