हेन्ड्रिक्सबाईंची निळ्या फुलांची ताटली

ती. माणिकताईस,

तीन महिने पाव-चीज खाऊन जेवढे वाकता येते तेवढे वाकून धाकट्या विद्याधरचा नमस्कार. तुझे गुडघे आणि मुलुंडचे पाणी, दोन्हींची चौकशी करतो (दोन्ही ऐन वेळी दगा देतात, ठाऊक आहे). मी खुशाल आहे. विनिताची खुशाली मात्र एका ताटलीवर टांगली होती. शनिवारी आमचे विमान आहे, आणि ताटलीचा निकाल लागल्याशिवाय आपण विमानात पाय ठेवणार नाही, असे तुझ्या भावजयीने मंगळवारी जाहीर केले.

पण आधी हा हॉलंड देश. तीन महिने लेकीकडे राहिल्यावर मला आता बोलायचा हक्क आहे. माणसे सज्जन, फक्त कुणी कुणाकडे जात नाही. जायचे तर तीन आठवडे आधी डायरीत लिहून. गेल्यावर कॉफीबरोबर एक बिस्कीट मिळते, आणि ते उचलले की डब्याचे झाकण लागते. (मी पहिल्यांदा रीतीप्रमाणे नको म्हटले, तर समोरच्याने ते खरे मानले. नको नको म्हणत तीन खाण्याची आपली कला इथे फुकट.) वाढदिवसांचे कॅलेंडर संडासात टांगतात, नातेवाईक आठवायचे ते तिथे बसून. खिडक्यांना पडदे नाहीत, पण आत बघणे असभ्य. मग पडदे का लावत नाहीत, असे सईला विचारले तर म्हणते, बाबा, तुम्ही बघूच नका ना! चाळीस वर्षे मुलुंडला समोरच्या इमारतीत बघत काढलेल्या माणसाला हे सांगणे सोपे आहे.

तर ताटली. सईच्या वरच्या मजल्यावर हेन्ड्रिक्सबाई राहतात, वय एक्याऐंशी, एकट्या. आम्ही आलो त्या आठवड्यात त्यांनी निळ्या फुलांच्या ताटलीत सफरचंदाच्या केकचे तीन तुकडे आणून दिले. माणसे तीन, तुकडे तीन. आता आपल्या घरातून ताटली रिकामी जाणार? विनिताने नऊ रव्याचे लाडू भरले. चौथ्या दिवशी ताटली चीज घेऊन आली आणि चकल्या घेऊन गेली. बिस्किटे आली, शंकरपाळे गेले. विनिताला वाटले, शेजार जुळला. आपल्या मुलुंडच्या इमारतीत शेजारी दिलेला डबा दोन वर्षांनी वॉचमनकडून मिळतो, तोही झाकणाशिवाय, आणि ही परकी बाई बघा, हे मी रोज ऐकत होतो. मानही डोलावत होतो, कारण चीज मीच खात होतो.

मंगळवारी बाईंची चिठ्ठी आली. सईने मराठीत सांगितली. मजकूर सरळ, या लोकांना आडवळण येतच नाही. आपल्याला मधुमेह आहे. लाडू, शंकरपाळे सगळे फ्रीजमध्ये पडून आहे. काही मिळाले की परतफेड करावी लागते, त्यासाठी दुकानात जावे लागते, आणि पाय दुखतात. ताटली आपल्या आईची आहे, तर ती कृपया रिकामी परत मिळावी.

ताई, विनिता रडली. एका म्हातारीला आपण तीन महिने छळले याचे दुःख होतेच, पण म्हणून भरल्या घरातून रिकामे भांडे द्यायचे? घरात काही नसेल तर चिमूटभर साखर घालावी, ही तिच्या आईची शिकवण. मधुमेहाच्या बाईला साखर! सई म्हणाली, आई, कमाल आहे तुझी. पण ऐकते कोण? आज सकाळी ताटलीत चिमूटभर साखर घालून मला वर धाडले. मी जिन्यात थांबलो, साखर स्वतः चाटली, ताटली रुमालाने पुसली आणि बेल वाजवली. रिकामी ताटली बघून बाई इतक्या खूश झाल्या की डायरी न बघता मला आत बोलावले आणि कॉफीबरोबर दोन बिस्किटे दिली. खाली येऊन विनिताला सांगितले, घेतली बरं का त्यांनी साखर. तिचा जीव भांड्यात पडला.

या देशात शिस्त आहे, स्वच्छता आहे, पण माया म्हणून नाही, हे माझे मत कायम आहे. बाकी भेटीत. विनितासमोर साखरेचा विषय काढू नकोस.

तुझा,
विद्याधर

ता. क. : पत्र पोस्टाने पाठवले तर माझ्यामागून पोचेल, म्हणून पानांचे फोटो पाठवतो आहे. भावजींना मोठ्याने वाचून दाखवू नकोस. ते विनिताला सांगतील.

ता. क. दुसरा : हे विमानतळावर लिहितो आहे. निघताना हेन्ड्रिक्सबाई दुखऱ्या पायांनी जिना उतरून आल्या आणि ती ताटलीच विनिताच्या हातात ठेवली. आठवण म्हणून, कायमची. दोघी गळ्यात पडून रडल्या, दोघींना एकमेकींचे अक्षर कळत नव्हते. मीही रडलो, सांगायला लाज कसली. ताटली आता साड्यांच्या घड्यांत आहे. तुझा यज्ञेश जानेवारीत ऑफिसच्या कामाने रॉटरडॅमला जाणार आहे ना? तिथून बाईंचे घर जवळ आहे. त्याच्या बॅगेत एक ताटली मावेल का, एवढे विचार. आणि बिनसाखरेचे काय टिकेल, तेही सुचव.