साहेब आडवे झालेत

४ डिसेंबर २००५, वर्धा

आज माझं घर दारात येऊन उभं राहिलं. शब्दशः. हिंगणघाटचे मोतीलालजी स्वतः चालवत घेऊन आले, शेजारच्या सीटवर मंदाबाई. नवराबायकोनं तीर्थयात्रेसाठी मोठ्या हौसेनं नागपूरला मिनीबसच्या सांगाड्यावर हे घर बांधून घेतलं, पण मंदाबाईंचे गुडघे पायरी चढू देईनात. किल्ली देताना मोतीलालजी म्हणाले, फिरवत राहा बाई, उभी राहिली की गाडी गंजते. मंदाबाईंनी गोरसपाक बिस्किटांचा डबा हातात ठेवला आणि पडदे कसे धुवायचे ते नीट समजावून सांगितलं.

मी जन्मभर आरोग्य खात्याच्या क्वार्टरात राहिले. भिंतीवर खिळा ठोकायचा तरी विचारावं लागे. रिटायर झाल्यावर सगळे म्हणाले, सुमित्राबाई, आता वर्धेत एक फ्लॅट घेऊन टाका. फ्लॅट घेऊन काय करायचं? समोरच्या फ्लॅटचं बंद दार बघायचं? फिरत्या दवाखान्याचा ड्रायव्हर निम्मा महिना दांडी मारायचा, तेव्हापासून मोठी गाडी मीच चालवत आले आहे. म्हटलं, आता घरच फिरतं घेऊ.

आत पाऊल टाकलं की डोळे निवतात. सागवानी पट्ट्यांच्या भिंती, मरून रंगाचा सोफा, तो ओढला की ऐसपैस पलंग. गॅसची शेगडी, छोटा फ्रिज, न्हाणीत गरम पाण्याचा नळ, छताला एसी. सगळं मात्र जोडीनं. दोन उशा, दोन वाचायचे दिवे, टॉवेलला दोन खुंट्या. एका खुंटीवर मी टॉवेल टांगला, दुसरीवर छत्री.

छायाला नागपूरला फोन केला. भावाची एकुलती एक पोर, आता माझं म्हणावं असं तेवढंच माणूस. आधी म्हणाली, आत्या, तू पागल झाली काय. मग खूप हसली. नाताळच्या सुट्टीत येते म्हणाली.

६ डिसेंबर, पवनार

धाम नदीच्या काठी, बसथांब्यापासून थोडं आत मुक्काम. सकाळभर घराच्या दर्शनाला रांग. बाया आत येऊन पडद्यांना हात लावून बघत होत्या. एका म्हातारीनं नळ सोडला, बंद केला, परत सोडला आणि हे पाणी जाते कुठी, असं विचारलं.

मग नेहमीचा प्रश्न. मालक कुठी गेले? मालक मीच, असं सांगितल्यावर आधी हसल्या, मग एकमेकींकडे बघू लागल्या. एकीनं हळूच विचारलं, “मंग जेवता कोणासंगं?” रेडिओ लावते, म्हटलं.

संध्याकाळी दिवेलागणीला मोटारसायकलवर दोन बाप्ये आले. गाडीभोवती घिरट्या घातल्या, पत्र्यावर थापा मारल्या, दाराची कडी हलवून पाहिली आणि हसत निघून गेले. मी हातात पाना घेऊन बसले होते. भीती वाटली, हे इथे लिहायला हरकत नाही.

थांब्यावरच्या चहावाल्या बंडूजींना सांगितलं. ते म्हणाले, “एकटी हाव असं सांगताच काऊन बाई? साहेब आडवे झालेत, असं सांगजा. थे काही खोटं नाई होत. तेवढीच सोबत होते.”

९ डिसेंबर, हिंगणी

बोर धरणाच्या पाण्याला लागून, सागाच्या सावलीत उभी आहे. इतकी शांतता की पान गळलेलं ऐकू येतं. येताना सेलूच्या बाजारात एक मर्दानी चप्पल घेतली, मोठ्या मापाची. पायरीशी ठेवून दिली.

गावातून धुरपता दूध घेऊन येते. नदीच्या पाण्यासारखी बडबडी बाई. तिनं मालकांचं विचारलं, मी म्हटलं, साहेब आडवे झालेत. धुरपतानं लगेच आवाज खाली आणला, दूधही आवाज न करता ओतलं. कुणासाठी तरी कुणीतरी हळू बोलतंय, हे बघून मला उगाच भरून आलं.

१२ डिसेंबर, हिंगणी

आज एक गंमत झाली. धुरपता विचारत होती, साहेब काय करत. पाटबंधारे खात्यात सर्व्हेअर होते, असं मी ठोकून दिलं. चहाला साखर? नाही, आमचे हे बिनसाखरेचा पितात.

आमचे हे. साठीला आले, हा शब्द पहिल्यांदा तोंडातून निघाला. ती गेल्यावर मी आरशासमोर एकदा हळूच म्हणून पाहिला. मग स्वतःचीच लाज वाटली आणि भांडी घासायला घेतली. पण खरं सांगायचं तर दुपार बरी गेली. इतकी बरी दुपार बऱ्याच दिवसांत गेली नव्हती.

१५ डिसेंबर, हिंगणी

धुरपता आली ती हसतच. म्हणाली, “सायेब भेटले ना आज धरनाच्या भिंतीवर. लय गोड बोलून राह्यले.”

मी हसले. मला वाटलं, बिचारी माझं खोटं ओळखून माझी लाज राखते आहे. पण ती पुढे सांगत गेली. उंच आहेत, मफलर होता, मधूनमधून खोकतात. आणि म्हणाले, बाईंच्या पाठीत थंडीनं उसण भरते, त्यांना रोज एरंडाचा पाला आणून देत जा.

पाला तिनं आणलाच होता. पदरात बांधून.

माझ्या पाठीबद्दल मी कुणाजवळ बोलले नाही. छायाजवळही नाही.

१६ डिसेंबर, हिंगणी

धरणाच्या भिंतीवर जाऊन आले. कुणी नाही. कोळ्यांना विचारलं, ते म्हणाले, आत्ताच तर गेले साहेब, तुमच्याकडेच गेले.

परत आले तर पायरीवरच्या चपलेला ओला गाळ. काठावरचा काळा गाळ, आत गाळात उमटलेला अंगठ्याचा ठसा. चप्पल मी एकदाही पायात घातली नव्हती.

मी नर्स आहे. भ्रम झालेली माणसं मी पाहिली आहेत. ती एकेकटी असतात, सगळ्या गावाला एकदम भ्रम होत नाही.

१७ डिसेंबर, कारंजा

हिंगणी सोडली. निघण्याआधी चप्पल लांब झुडपात भिरकावली. रस्ताभर रेडिओ मोठा लावला, डावीकडे पाहिलं नाही.

कारंज्याच्या पेट्रोलपंपावर उतरून पैसे द्यायला गेले. पंपावरचा माणूस काच पुसायला आला होता. डाव्या सीटच्या खिडकीशी वाकून म्हणाला, “काच वर घ्या साहेब, पानी उडन अंगावर.”

मी बघत होते. काच वर गेली. हळूहळू, हँडल फिरवल्यावर जाते तशी.

पंपावरच्या माणसानं काच पुसली आणि नमस्कार केला.

मी बराच वेळ तिथेच उभी राहिले. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. कुठे जाणार होते? क्वार्टर सुटलंय. घर तेच आहे. दार उघडलं आणि चढले. सीट रिकामी. काचेला आतून ओलसर वाफ धरली होती.

१९ डिसेंबर, आष्टी

गावाबाहेर प्रभाकरराव नावाच्या शेतकऱ्याच्या संत्र्याच्या बागेला लागून जागा मिळाली. मुद्दाम माणसांच्या जवळ थांबले. आल्याआल्याच सगळ्यांना स्पष्ट सांगितलं, मी एकटी आहे, लग्न झालेलं नाही, सोबत कुणी नाही. प्रभाकरराव मान डोलावून ऐकत होते. त्यांच्या पत्नी वच्छलाबाईंनी जेवायला बोलावलं. पाटोडीची भाजी, भाकर. पोटभर जेवले. बऱ्याच दिवसांनी माणसांत बसले.

२० डिसेंबर, आष्टी

आज बाजाराचा दिवस. दुपारी प्रभाकरराव पिशवी घेऊन आले आणि म्हणाले, साहेबांची वांगी माझ्या पिशवीत राहून गेली.

मी म्हटलं, कोणते साहेब? काल तुम्हाला सांगितलं ना.

ते मोठ्यांदा हसले. “बाई, मजाक करता तुमी. त्यांनीच सांगितलं, बाई रुसल्या की मले ओळख देत नाई म्हणून. जाऊ द्या ना आता, या वयात कायचं रुसनं.”

मी ओरडून सांगितलं. रडले सुद्धा. वच्छलाबाई धावत आल्या, पाठीवरून हात फिरवला आणि माझ्या खांद्यावरून गाडीच्या दाराकडे बघून कुणाला तरी समजूत घातल्यासारखी मान हलवली.

मी मागे वळून पाहिलं नाही.

२२ डिसेंबर, आष्टी

दोन दिवस कुणी आलं नाही. बागेत माणसं आहेत, संत्री तोडताहेत, हसताहेत. गाडीजवळून जाताना मात्र आवाज खाली आणतात.

वच्छलाबाईंना खिडकीतून हाक मारली. त्या दचकल्या. बरं वाटते काय आता, असं लांबूनच विचारलं. मी म्हटलं, मला काय झालंय? त्या कुजबुजल्या, “साहेबांनी सांगितलं, बाई आडव्या झाल्यात, लय अशक्तपना आहे, कोणी उठवू नोका.” आणि ओठांवर बोट ठेवून निघून गेल्या. पायाचा आवाज न करता.

२३ डिसेंबर

सकाळी खाली उतरले. प्रभाकररावांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. ते बोलत होते, माझ्या मागे बघून. मी बाजूला सरकले तरी त्यांची नजर हलली नाही. त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी माशी बसावी तसा दंड झटकला.

मोबाइलची रेंज मिळाली. छायाला लावला. मी काही बोलायच्या आत तीच रडत होती. आनंदानं. “आत्या, मले काऊन नाई सांगितलं? काकांनी फोन केला नसता तर कळलंच नसतं. मी इतके वर्षं देवाले हेच मागत होती, तुले कोणीतरी भेटू दे.” मी म्हणत होते, छाया, ऐक, ऐक माझं. ती म्हणाली, बोल ना आत्या, ऐकून राह्यली. मी बोलत होते. ती पुन्हा म्हणाली, हॅलो. आत्या, आवाज नाही येऊन राह्यला.

परवा येते आहे. येऊ दे. ती मला ओळखेल. तिला मी न्हाऊ घातलंय, तिच्या गोवरात उशाशी बसले आहे. ती ओळखेल.

२५ डिसेंबर

छाया आली.

मी सोफ्यावर होते. अंग उचलत नाही, ताप नाही, नाडी ठीक, तरी उचलत नाही. बाहेर खुर्च्या मांडल्याचा आवाज. तिचं हसणं. मग त्याचा आवाज. पहिल्यांदा ऐकला. हळू, समजूतदार, मधे खोकला. तिला संत्रं सोलून दिलं असावं, वास आत आला.

मी छाया, छाया म्हणत होते. घसा दुखेपर्यंत.

ती म्हणाली, उठवू का. तो म्हणाला, आत्ताच डोळा लागला. ती म्हणाली, मग नको, झोपू द्या. जन्मभर दुसऱ्याच्या उशाशी जागली ती.

खिडकीच्या काचेला तिनं कपाळ टेकवलं. आत बघत होती. माझ्याकडेच. डोळ्यांत पाणी आणि किती समाधान. मी हात वर केला, केला असं मला वाटलं. तिनं काचेवर हात फिरवला, जसा मी तिच्या केसांवरून फिरवायची.

मग रिक्षा आली, छाया बसली. गेली.

२६ —

दाराला आतली कडी नाही. होती. मी रोज लावत होते. जिथे होती तिथे सागवानी पट्टी, जुनी, झिजलेली.

गाडी चालते आहे. कधी सुरू झाली कळलं नाही. पडदे बंद. बाहेर माणसांचे आवाज येतात, गाडीजवळ आले की हळू होतात. सगळीकडे हळू होतात. किती प्रेमानं —

२८? —

तो मागे येत नाही. पुढेच बसून असतो. फक्त पाठ दिसते, मफलर. चांगला चालवतो. खड्डा आला की सावकाश घेतो, माझ्या पाठीसाठी.

मी त्याला विचारलं, तू कोण. त्यानं वळून न बघता उलट मलाच विचारलं, आता जेवायला कुणी सोबत हवं ना.

आज —

हाक मारतो आहे. बाई नाही, सिस्टर नाही. सुमी. आई गेल्यापासून या नावानं कुणी —

ओ दिली नाही. देणार नाही.

परत मारली. थांबतो, परत मारतो. रागावत नाही. आवाज चांगला आहे. इतका चांगला आवाज, कुणी माझ्यासाठी इतका वेळ कधी थांबलं नव्हतं. ओठ मिटून घेतलेत, हातानं दाबून धरलेत, तरी आतून काहीतरी वर —

सुमी, म्हणतो आहे. सुमी, ऐकतेस ना, आणि मी