उभं पान, आडवं पान

२२ नोव्हेंबर, रविवार

प्रिय ठमे,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळी खुशाल आहेत, तिकडेही असालच.

पाकिटावर तुझ्या माहेरचा पत्ता नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. त्यावर येते. आधी घरचं सांगते, म्हणजे तुला आणि मला, दोघींनाही जरा दम खाता येईल.

आईचा गुडघा बरा आहे. डॉक्टरांनी जिना चढू नका असं बजावल्यापासून ती उठसूट गच्चीवर जाऊन येते. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळायला लागलाय. दादाने दुरुस्त केला होता, म्हणजे गळणारच होता. तुझ्या खिडकीतल्या कुंड्यांना मी पाणी घालते. त्यातलं एक झाड गेलं, पण ते तू निघालीस तेव्हाच मान टाकून होतं, त्याचं खापर माझ्यावर नको.

पत्र का, फोन का नाही, असं विचारशील. फोनवर तू मला हसवतेस. मी तोंड फुगवून फोन लावते आणि थोड्याच वेळात आपण दोघी मिळून तिसऱ्याच कुणाची तरी टिंगल करत असतो. या वेळी मला हसायचं नाही. शिवाय कागद एकदा पेटीत टाकला की त्यातली वाक्यं मागाहून कुणाला बदलता येत नाहीत. हे वाक्य तू दुसऱ्यांदा वाचलं असशील, तर पुढचं बरंचसं तुला कळलंच आहे. तरी वाच.

ती भांडणाऱ्या जोडप्याची मेल आठवते? त्या बाईंनी लिहिलं होतं की आपल्या मासिकाचा, 'पाचवी रांग'चा, नवा अंक त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी एकाच टॅबवर वाचला, आणि त्या होडीवाल्या बाईच्या सिनेमावरच्या माझ्या परीक्षणावरून दोघांचं चांगलंच जुंपलं. बाई म्हणतात, तुम्ही सिनेमा झोडपलाय. यजमान म्हणतात, छे, डोक्यावर घेऊन नाचलाय. मी ती मेल तुला फोनवर वाचून दाखवली होती, बाईंचा ठसका आणि यजमानांचा घसा खाकरणं, सगळं नकलेसकट. तू हसलीस. जरा उशिरा हसलीस, मग खूप हसलीस आणि म्हणालीस, "अगं, लोकांना जे वाचायचं असतं तेच ते वाचतात." मला ते इतकं आवडलं की पुढच्या संपादकीयात घालायला मी ते टिपून ठेवलं. काय अक्कल माझी!

मंगळवारी दुपारी मी फिल्म क्लबच्या खेळाला गेले होते. मध्यंतरात बाहेर उभी होते तर तुझा दिग्दर्शक समोरून आला. 'तुझा' म्हटलेलं खटकेल, पण त्यावरही येते. त्याने सगळ्यांदेखत माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, "अहो, तुमचं ते वाक्य मी लिहून भिंतीवर लावलंय! 'पाण्याकडे इतका वेळ बघितलं की त्या बाईचा चेहरा वेगळा दाखवावा लागत नाही.' माझ्या कामाबद्दल इतकं नेमकं आजवर कुणी लिहिलं नव्हतं."

मी काय लिहिलं होतं, ते तुला तोंडपाठ असणार. 'दिग्दर्शकाला पाणी बघायची इतकी हौस, की त्या बाईचा चेहरा दाखवायचा राहूनच गेला.' मला वाटलं, हा माणूस चारचौघांत माझी फिरकी घेतोय. मी म्हटलं, "माझ्या मतावर मी ठाम आहे." तो म्हणाला, "असंच ठाम राहा, तुमच्यासारखी माणसं हवीत!" आजूबाजूच्या दोघांतिघांनी माना डोलावल्या. मी सिनेमा अर्धा टाकून घरी आले. मी! जी श्रेयनामावलीतलं शेवटचं नाव जाईपर्यंत खुर्ची सोडत नाही.

आई स्वयंपाकघरात होती. तिचा तो कोपरा फुटलेला टॅब ओट्यावर नेहमीसारखा डब्याला टेकवून आडवा ठेवलेला. मी माझं परीक्षण उघडलं आणि वाचलं. अक्षर न् अक्षर माझं. म्हटलं, बघ आई, हे असं लिहिल्याबद्दल तो माणूस माझे आभार मानतो, म्हणजे केवढा आगाऊ! आईने हात पुसले, टॅब उचलला, पुस्तकासारखा उभा धरला आणि वाचायला लागली. वाचता वाचता म्हणाली, "एवढं काही वाईट नाही गं लिहिलेलंस. उलट किती छान म्हटलंयस." आणि तिने ते भिंतीवरचं वाक्य मोठ्याने वाचलं.

मी टॅब तिच्या हातून हिसकावला. आडवा धरला, माझं परीक्षण. उभा धरला, दुसरंच. तेच शीर्षक, तोच फोटो, खाली माझंच नाव. मी वेड्यासारखी तो टॅब उभा-आडवा, उभा-आडवा करत राहिले. शेवटी आई म्हणाली, "मोडशील तो."

बाहेरच्या कुणाला वाटलं असतं, यंत्र बिघडलं. मला मात्र लगेच कळलं, कारण हे सगळं तूच मला शिकवलं होतंस. टॅब कोण कसा धरेल सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक पान दोनदा मांडायचं, एकदा उभं, एकदा आडवं. मी एकदा लिहायचं, तू दोनदा लावायचं. दोन्ही पानं वेगळी, त्यामुळे एकात केलेली दुरुस्ती दुसऱ्यात आपोआप होत नाही. म्हणूनच तर तो नियम होता: अंक सोडण्याआधी दोघींनी शेजारी बसून प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी फिरवून बघायचं. नियम तुझा होता. मी कंटाळायचे, तू माझ्या पाठीत धपाटा घालायचीस.

या अंकाचीही पानं आपण फिरवली होती. तेव्हा दोन्हीकडे माझंच परीक्षण होतं. मग दोनेक दिवसांनी तुझा निरोप आला, "एका क्लिपचा आवाज फाटत होता, तेवढा सुधारून अंक पुन्हा सोडलाय." वाचकांच्या टॅबवरचा अंक गुपचूप बदलला. छापील मासिकाचं हे करता आलं नसतं. घरोघर जाऊन अंक मागून आणावे लागले असते. तू एकटीने केलंस, घाईत केलंस, उभं पान बदललंस आणि आडवं विसरलीस. ती मेल मी वाचून दाखवली तेव्हा काय राहिलंय ते तुला कळलं. पण तोवर तू 'माहेरी' गेली होतीस आणि तुझा कॉम्प्युटर इथे होता.

मी दादाला विचारलं. त्याने आधी चहात साखर ढवळली, मग नसलेली साखर ढवळली. मग म्हणाला, "मला वाटलं, तुला माहीत आहे." तू माहेरी नाहीस, त्या दिग्दर्शकाच्या मंडळींबरोबर पाकिटावरच्या या पाहुणेघरात आहेस. तुझी पटकथा तो करतोय. पुढच्या सिनेमाच्या जागा बघायला तुम्ही सगळे गेलाय आणि रोज तिथे बसून संवाद पक्के करताय; मंगळवारी तो तेवढ्या खेळापुरता इथे आला होता. पत्ता त्यानेच दिला. त्याच्यावर चिडू नकोस, त्याला खोटं बोलता येत नाही. तुझ्यासाठी त्याने प्रयत्न केला हेच खूप.

ठमे, ती पटकथा! माझ्याइतकी ती कुणी वाचलीय का? तिचा प्रत्येक खर्डा मी वाचला. शेवट तू बदललास तेव्हा मी रडले आणि तू मला वेडी म्हणालीस. मला सांगितलं असतंस तर मी जिन्यात नाचले असते. सगळ्या इमारतीला सांगत सुटले असते. आणि 'तुझं परीक्षण आड येतंय' असं म्हणाली असतीस, तर मी परीक्षण बदललं नसतं हे खरं, पण या अंकातून काढून घेतलं असतं. तो सिनेमा आपल्या घरचा झाला, आता आपण त्यावर लिहायचं नाही, असं म्हणून मोकळी झाले असते. हे तुला माहीत नव्हतं? इतक्या वर्षांत एवढंही नाही?

मी दोन्ही परीक्षणं शेजारी ठेवून पुन्हा पुन्हा वाचली. आता जे लिहिणार आहे ते लिहायला सगळ्यात जड जातंय. तुझं चांगलं आहे. माझा आवाज तू हुबेहूब काढलायस. मी वाक्य कुठे तोडते, चिडले की क्रियापद कुठे टाकते, कौतुक करताना आधी एक चिमटा कसा काढते, सगळं. माझ्या आईला फरक कळला नाही! कुणी परक्याने माझ्या नावावर काही खपवलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं आणि जेवले असते. पण हे परक्याला जमलंच नसतं. माझ्या शेजारी बसून माझं प्रत्येक वाक्य ज्या माणसाने प्रेमाने वाचलं, त्यालाच जमलं. तू केसाने गळा कापलास आणि तो केसही माझ्याच डोक्याचा घेतलास.

दादा म्हणाला, "एका परीक्षणाचं काय एवढं? घरचं घरात राहू दे." त्याला वाटतं मी मानापमान करतेय. मी त्याला म्हटलं, मला सिनेमा करता येत नाही, मांडणी येत नाही, पटकथा येत नाही. मी तिकीट काढून बसते, जे दिसलं ते लिहिते आणि खाली नाव घालते. ते नाव सोडलं तर या धंद्यात माझ्याजवळ आहे काय? मग त्याने तुझ्या कॉम्प्युटरचा पासवर्ड एका चिठोऱ्यावर लिहून माझ्यासमोर ठेवला आणि नळ दुरुस्त करायला निघून गेला.

काल दिवसभर मी तुझ्या खुर्चीत बसले होते. आता उभ्या आणि आडव्या, दोन्ही पानांवर माझं परीक्षण आहे. त्याच्या पुढच्या पानावर तुझं आहे, एक शब्दही न बदलता. त्याखाली तुझं नाव घातलंय. इतकं चांगलं लिहिलेलं दुसऱ्याच्या नावावर का राहावं? वर दोन ओळींचा खुलासा आहे: आधी माझ्या नावाखाली आलेलं परीक्षण माझं नव्हतं, ते मला न विचारता घातलं गेलं होतं. बाकी आरोप नाही, रडगाणं नाही. मांडणी मात्र वेडीवाकडी झालीय, एक ओळ समासाबाहेर लोंबकळतेय, तुला बघवणार नाही. पण दोन्ही बाजूंनी पान फिरवून बघितलं. एकटीनेच बघितलं. आज सकाळी अंक सोडला.

हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत तुझ्या दिग्दर्शकाने तो वाचलेला असेल. तो भिंतीवरचा कागद ठेवेल की काढेल, तुझी पटकथा ठेवेल की काढेल, मला सांगता येत नाही. काढू नये असं मला मनापासून वाटतं, कारण पटकथा सुंदर आहे. सिनेमा झाला तर मी तिकीट काढून बघेन. त्यावर लिहिणार नाही.

'पाचवी रांग' इथे थांबते आहे. मांडणारं दुसरं कुणी शोधता येईल, असं दादा म्हणतो. येईलही. पण शेजारी बसून पान फिरवायला माणूस लागतं आणि तेवढा भरवसा आता मला कुणावर टाकता येणार नाही.

काम झालं की घरी ये. लपतछपत येऊ नकोस. दार मी उघडेन, चहा मी करेन, आईसमोर आवाज चढवणार नाही. तू दादाची बायको आहेस. ते नातं त्याने आणलंय, ते राहील आणि मी ते नीट सांभाळेन. यापुढे तुला वहिनी म्हणेन. दादाच्या आधी जे होतं ते मात्र आपण दोघींनी मिळून केलं होतं. ते तू एकटीने बदललंस, मला न सांगता.

प्रकृतीला जप.

दादाची बहीण